पाच दिवसांची लढाई आणि सहावा दिवस

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

'युद्ध आणि स्त्रिया' या विषयावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा तयारीच्या बैठकीत एकीने विचारले, "ताई, युद्ध तिकडं सीमेवर होतं. आपल्या बीडच्या बायांना त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. आपण पाण्याचे, रेशनचे, ऊसतोडीच्या उचलीचे, दारूचे, नवऱ्याने टाकून दिलेल्या बायांचे प्रश्न घेऊन बसणाऱ्या. रणगाडे आणि विमाने हा आपला विषय वाटत नाही. पण १७ सप्टेंबरला गावोगाव जो झेंडा लागतो तो एका लष्करी मोहिमेच्या शेवटच्या दिवसाचा झेंडा आहे, आणि ती मोहीम आपल्या जिल्ह्यातून, आपल्या रस्त्यांवरून गेलेली आहे. म्हणून आज मी बोस्नियापासून सुरुवात करणार नाही. अंबाजोगाईपासून करणार आहे.

त्याआधी एक गोष्ट बघू. युद्ध आपल्याला सांगितले कसे जाते? मे २०२५ मधले दिवस आठवा. ७ मेच्या सकाळी टीव्हीवर दोन स्त्री-अधिकारी आल्या, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. आदल्या रात्री काय कारवाई झाली ते त्यांनी देशाला सांगितले. आपल्यापैकी अनेकींना अभिमान वाटला, आणि वाटावाच. १० मेला गोळीबार थांबला. दुसऱ्या दिवशी भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे अधिकारी एका टेबलाशी बसले आणि जमिनीवर काय झाले, समुद्रात काय झाले, आकाशात काय झाले याचा हिशेब त्यांनी मांडला. कोणती ठिकाणे उडवली, कोणती शस्त्रे वापरली, किती माणसे मारली. युद्धाची रोजनिशी अशीच असते. तिला तारीख असते, नकाशा असतो, आकडे असतात आणि शेवटचा दिवसही असतो. पूंछमध्ये ज्यांच्या घरांवर तोफगोळे पडले त्या बायांचा हिशेब मात्र त्या शेवटच्या दिवसानंतर सुरू झाला. तो सांगायला टेबल नव्हते.

आज मला एवढेच म्हणायचे आहे, की लष्कराची रोजनिशी जिथे संपते तिथून बायांची सुरू होते. आणि आपल्या जिल्ह्यात ती अजून कुणी लिहिलेली नाही.

आधीची वर्षे

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड स्वतंत्र झाले नाही. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि तिथे घोडदळाची जुनी छावणी होती. याच गावात स्वामी रामानंद तीर्थांनी शाळेत शिकवले आणि पुढे स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. आज तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. आपल्यातल्या किती तरी जणी तिथे बाळंत झाल्या असतील.

निजामाला भारतात विलीन व्हायचे नव्हते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार संघटनेने गावोगाव दहशत बसवली. लूट, जाळपोळ, खून आणि बायांवर अत्याचार झाले. घरेच्या घरे रात्री उठून सीमेपलीकडे, सोलापूर, बार्शी, अहमदनगरकडे गेली. तिकडे छावण्या उभ्या राहिल्या. हे सगळे खरे आहे आणि त्यातले काहीही कमी करून सांगण्याचा माझा हेतू नाही. रझाकाराचे नाव घेतले की आजही म्हाताऱ्या बाया पदर सावरतात, ते उगीच नाही.

आता जमीन, समुद्र आणि आकाश म्हणजे आपल्या बाजूला काय होते ते पाहा. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारत. म्हणून गोव्याचे मुरगाव बंदर पोर्तुगीजांकडून मिळवता येईल का, याची चाचपणी निजामाने केली होती. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बाहेरून येणाऱ्या वस्तू आटल्या. आपल्याकडे समुद्र घरात येतो तो मिठाच्या रूपाने. मीठ, रॉकेल, औषधे बाहेरून येणार, आणि वाट बंद झाल्यावर चूल, दिवा आणि आजारी लेकरू यांची तजवीज कुणी करायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. नाकेबंदीला लष्करी पुस्तकात एक ओळ असते. घरात तिचे महिनेच्या महिने होतात.

आकाशातून आली ती शस्त्रे. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ च्या उन्हाळा-पावसाळ्यात कराचीहून रात्रीची विमाने भरून बिदर आणि वरंगळला बंदुका व दारूगोळा उतरवत होता. मिठाला वाट नव्हती, बंदुकीला होती. जगातल्या प्रत्येक नाकेबंदीत असेच होत आले आहे.

पाच दिवस

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मोहिमेचे कागदावरचे नाव 'ऑपरेशन पोलो'. जनतेला सांगितलेले नाव 'पोलीस ॲक्शन'. रणगाडे, तोफा आणि बाँब टाकणारी विमाने असलेल्या कारवाईला पोलीस कारवाई का म्हटले? निजामाची तक्रार तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोचली होती. पोलीस म्हटले की घरातला मामला होतो, बाहेरच्यांनी बोलायचे कारण उरत नाही. मैत्रिणींनो, 'घरातला मामला' हे शब्द आपण पोलीस चौकीत किती वेळा ऐकले आहेत! मोठ्या राजकारणातही ते तेच काम करतात.

मुख्य फौज मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली. पहिल्याच सकाळी नळदुर्ग पडले आणि तिथला पूल शाबूत हाती लागला. तुळजापूरला संस्थानी सैनिक आणि रझाकार सुमारे दोन तास लढले. दुपारपर्यंत एक तुकडी उमरग्यापर्यंत पोचली होती. लोहाऱ्याकडची वाट नदीला पूर आल्याने अडली. भादव्याचे दिवस, नद्या भरलेल्या. पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले.

दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, उस्मानाबादेत रस्त्यारस्त्यावर चकमकी होऊन शहर ताब्यात आले. उत्तरेकडून मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या फौजा औरंगाबादेत पोचल्या आणि तिथल्या मुलकी अधिकाऱ्यांनी शहर स्वाधीन केले. जालन्याला प्रतिकार झाला. तिसऱ्या दिवशी, १५ तारखेला, पाळी मोमिनाबादची. तिथल्या तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सने नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. लष्करी इतिहासात आपल्या जिल्ह्याचे युद्ध एवढेच आहे, दीड ओळीचे.

चौथ्या दिवशी जहीराबादच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते, त्यात थोडा वेळ गेला. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, बिदर आणि हिंगोली हाती आले आणि संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ तारखेला संस्थानाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. विलीनीकरणाचे काम पाहणारे व्ही. पी. मेनन यांनी पुढे पुस्तक लिहिले, त्यात समोरच्या बाजूचे मेलेले आठशेच्या थोडे वर धरले आहेत. एवढ्या मोठ्या संस्थानासाठी हा आकडा लहानच. म्हणून ही मोहीम आखीव आणि कमी रक्तपाताची म्हणून शिकवली जाते.

या पाच दिवसांमुळे निजामाची हुकूमशाही गेली. आपल्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावरची जुलमी सत्ता गेली. त्याचा आनंद खरा आहे. मी त्या झेंड्याला सलाम करते. पण माझा प्रश्न पुढचा आहे. सहाव्या दिवशी काय झाले?

सहावा दिवस

हा प्रश्न खुद्द पंडित नेहरूंनाही पडला होता. बातम्या कानावर येत होत्या, म्हणून त्यांनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांचे सद्भावना मंडळ पाठवले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत ते संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातले काही उतारे अभ्यासकांच्या हाती लागले, आणि २०१३ साली ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरील पुस्तकात तो छापून आला. म्हणजे पासष्ट वर्षे गेली.

त्या अहवालाचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची. तिथे मिळून किमान १८ हजार. त्या खालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक. या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. होय, त्या यादीत आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. आठशे कुठे आणि हे आकडे कुठे? लढाईचे पाच दिवस आणि नंतरचे आठवडे यांतले अंतर एवढे आहे.

मारले गेले ते मुख्यतः पुरुष. ज्यांनी रझाकारी केली ते आणि ज्यांनी कधी काठीही उचलली नाही ते, दोघेही. बायांचे काय झाले? अहवालात बलात्कार आहेत, पळवून नेणे आहे. पळवलेल्या काही बाया संस्थानाबाहेर, सोलापूर-नागपूरसारख्या शहरांपर्यंत नेल्याचे त्यात म्हटले आहे. प्रेतांनी भरलेल्या विहिरी सदस्यांनी स्वतः पाहिल्या. एकीत अकरा मृतदेह मोजले, त्यांत छातीशी लेकरू असलेली एक बाई होती. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस यांनी लुटीला हात दिला, तर काही ठिकाणी सैन्याने लोकांना वाचवले, असे दोन्ही त्यात नोंदवले आहे. निजामाच्या बाजूचे म्हणून शिक्का मारून मराठवाड्यात काही गावांत दलित वस्त्यांवरही राग काढला गेला. वास्तविक निजामाची बाजू घेऊ नका, असे डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. पण ज्याला दुबळ्यावर हात टाकायचा आहे तो कारण तपासत बसत नाही.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती आपण लक्षात ठेवायला हवी. अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यात काहींचा जीव गेला. पळवलेल्या बायांना शोधून परत आणण्यातही हिंदूंनी मदत केली. एकाच मागावर काम करणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. आपल्या संघटनेत आपण जे रोज म्हणतो, की कामातून जुळलेले नाते जातिधर्मापेक्षा चिवट असते, ते १९४८ सालीही खरे होते.

बाईच का?

रझाकारीत हिंदू बाया नासवल्या, ॲक्शननंतर मुसलमान बाया नासवल्या. हा 'नासवणे' शब्द मी मुद्दाम वापरते, कारण गावात हाच वापरतात. या शब्दातच सगळे आले. बाई म्हणजे दुधाचे भांडे. दुसऱ्याच्या हाताने ते नासते. मग गुन्हा तिच्या शरीरावर, तिच्या मनावर झाला असे कुणी मानत नाही. तो तिच्या मालकाच्या, जातीच्या, धर्माच्या अब्रूवर झाला असे मानतात. म्हणून सूड घ्यायचा तर दुसऱ्याच्या बाईचा घ्यायचा. दोन्ही बाजूंच्या पुरुषांचे या एका मुद्द्यावर एकमत होते! ज्या दोन फौजा कशावरच सहमत नव्हत्या त्या इथे एकच भाषा बोलत होत्या.

आणि मग सरकार काय करते? फाळणीत पळवलेल्या बायांना शोधून परत पाठवण्यासाठी १९४९ साली कायदा झाला. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. त्या कायद्यात मोठा दोष होता. बाईची इच्छा त्यात विचारातच घेतलेली नव्हती. कुठल्या देशात, कुणाकडे राहायचे ते सरकार ठरवणार. पण तो दोष बाजूला ठेवला तरी, तो कायदा पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पेप्सू आणि राजस्थान एवढ्यांनाच लागू होता. हैदराबाद संस्थान त्यात नव्हते. म्हणजे अमृतसरच्या बाईला वाईट का होईना, कायदा होता. मोमिनाबादच्या बाईला तोही नव्हता. शिवाय सुंदरलाल मंडळाचे तिन्ही सदस्य पुरुष. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण तीन परके पुरुष गावात येऊन बसल्यावर कोणती बाई पुढे होऊन बोलली असेल, याचा अंदाज आपल्याला आहे. त्यामुळे त्या अहवालातही बायांचे बोलणे फार थोडे पोचले असणार.

कागद कुणाचा?

या लढ्यात बाया केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून, हत्यार घेऊन रझाकारांविरुद्ध लढल्या. अशा आणखी कितीतरी. निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना भाकरी नेऊन देणाऱ्या, हत्यारे भुशात दडवणाऱ्या. पण भाकरीला प्रमाणपत्र मिळत नाही.

पुरुषांच्या कागदाचे काय झाले तेही याच जिल्ह्यात घडले आहे. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन खोट्या कागदांवर घेतल्याचे बीड जिल्ह्यातील प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ साली न्यायालयाने त्यावर निकाल दिला, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने चौकशी केली. बघा हं, ज्यांनी काही केले नाही अशांचाही कागद तयार होऊ शकतो. आणि जिच्यावर सगळे गुदरले तिच्या नावाचा कपटासुद्धा नाही. मी समाजकार्याचे शिक्षण घेताना आम्हाला शिकवले, की नोंद ही सेवेची पहिली पायरी. कामाला लागल्यावर कळले, की कोणाची नोंद होते हा सत्तेचा प्रश्न आहे.

गेली काही वर्षे एकल स्त्रियांच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. म्हाताऱ्या बाया बोलायला लागल्या की वर्षांचा हिशेब अजून तसाच करतात. "थोरला रझाकारीत झाला", "मपलं लगीन ॲक्शनच्या साली". एका आजींना मी म्हटले, लढाई तर पाच दिवसांतच संपली होती ना? त्या म्हणाल्या, "पाच दिस म्हन्जी तुमच्या पुस्तकात, बाई. आमी बाजरीत बसलो ते बाजरी काढायच्या वक्ताला बाहीर आलो." एवढेच बोलल्या आणि गप्प झाल्या. मी पुढे विचारले नाही.

दुसरीकडे एका नातीचे काम होते. तिला घराण्याची वंशावळ हवी होती. वडिलांकडची चार पिढ्यांची नावे मिळाली. आजीच्या माहेरच्या रकान्यात मात्र काहीच नाही. गाव नाही, भाऊ नाही, बापाचे नाव नाही. आजी कपाळभर कुंकू लावायच्या, सगळे सणवार करायच्या. फक्त वर्षातून काही दिवस, कुणाला न सांगता, उजाडायच्या आधी दोन घास खायच्या आणि दिवसभर पाणीही घ्यायच्या नाहीत. घरातले म्हणायचे, म्हातारीचा काहीतरी नवस असेल. आजी गेल्यावर नात मला विचारत होती, "ताई, ती कोण होती?" मी काय सांगणार? आणि कुणी सांगितले असते, तर त्या घरात आजीचे शेवटचे दिवस कसे गेले असते? लग्न झाले होते, लेकरे झाली होती, संसार झाला होता. त्याला पळवणे म्हणायचे की वाचवणे म्हणायचे? कदाचित दोन्ही असेल. ते ठरवायचा हक्क फक्त त्या आजींचा होता, आणि त्यांना कुणी विचारले नाही.

जुन्या जखमा

मला माहीत आहे, आता कोणी म्हणेल की जुन्या जखमा कशाला उकरायच्या. आधीच गावातले वातावरण बिघडलेले. मोबाइलवर काहीबाही फिरते आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद होतो. अशा वेळी हे बोलणे म्हणजे आगीत तेल.

हा धोका मी हलका मानत नाही. पण जखम झाकली म्हणून बरी होत नाही हे आपण रोजच्या कामात पाहतो. आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट गप्प बसलेली नाहीच. दरवर्षी सप्टेंबरात ती सांगितली जातेच, फक्त अर्धी. एक जण रझाकारांचे अत्याचार सांगतो आणि ॲक्शननंतरचे गाळतो. दुसरा ॲक्शननंतरचे सांगतो आणि रझाकार गाळतो. दोघांनाही बाई हवी असते ती सूडाचे कारण म्हणून. त्या अर्ध्या गोष्टींतून आग लागते. पूर्ण गोष्ट सांगायला आपल्यासारख्याच लागतील, कारण आपल्या गटात अंजनाबाई बसते तशी अमिनाबीही बसते.

तेलंगणातल्या मैत्रिणींनी हे करून दाखवले आहे. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील बायांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८६ साली तेलुगूत पुस्तक काढले. नावाचा अर्थच 'आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास' असा आहे. ते संस्थान आपलेच होते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये कोरियाच्या किम हाक-सून नावाच्या बाईने जपानी सैन्याने आपल्याला कसे डांबून ठेवले होते ते जगासमोर सांगितले. युद्ध संपून तेव्हा ४६ वर्षे झाली होती. ती बोलली, मग इतर देशांतल्या बाया बोलल्या. २००१ साली बोस्नियातील फोचा गावच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बलात्काराला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवून शिक्षा दिली. त्याच्या आदल्या वर्षी सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव करून युद्ध आणि शांतता या दोन्हींत स्त्रियांच्या सहभागाची गरज मान्य केली. हीच ती सुरक्षा परिषद, जिच्यासमोर १६ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची तक्रार चर्चेला आली होती. तेव्हा तिथे बाईचा विषय कुणी काढला नव्हता. हे बदलले ते बाया बोलल्या म्हणून, आणि कुणीतरी ऐकून लिहून ठेवले म्हणून.

आपण काय करायचे

ज्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या त्या आज नव्वदीला टेकल्या आहेत. आपल्याला फार वेळ नाही. म्हणून माझा प्रस्ताव आहे, की प्रत्येक तालुक्यातील गटाने आपल्या भागातील म्हाताऱ्या बायांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यासाठी काही शिस्त पाळावी लागेल.

एक, "तुमच्यावर काय झालं?" असे कधीही विचारायचे नाही. "त्या साली तुम्ही कुठं होता, काय खात होता, पाणी कुठून आणत होता?" असे विचारायचे. मीठ आणि पाण्यापासून सुरुवात केली की बाई स्वतः जिथवर यायचे तिथवर येते. ती थांबली की आपण थांबायचे.

दोन, सून, मुलगा, सरपंच कुणीही समोर नसावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारून, आणि नको म्हणाली तर नाही. फोटो नाही.

तीन, नाव, गाव, आडनाव कागदावर येणार नाही. वही गटाकडे राहील. तिच्या हयातीत तिच्या परवानगीशिवाय कुणालाही, वर्तमानपत्राला किंवा पुढाऱ्याला, ती दाखवायची नाही. कुणाला तरी निवडणुकीत वापरायला मिळेल असा एकही कागद आपल्या हातून जाता कामा नये.

चार, रझाकारीच्या आठवणी एका वहीत आणि ॲक्शनच्या दुसऱ्या वहीत, असे करायचे नाही. वही एकच. लिहायला जाणाऱ्या दोघी शक्यतो दोन समाजांच्या असाव्यात.

पाच, वाचवणाऱ्यांच्या गोष्टीही तेवढ्याच काळजीने लिहायच्या. कोणी कणगीत लपवले, कोणी आपले लुगडे नेसायला दिले, कोणी "ही माझी भाची" म्हणून सांगितले. मुलांना शाळेत सांगता येतील अशा गोष्टी याच आहेत.

आणि एखाद्या आजींना बोलायचेच नसेल तर? तर त्यांच्या पायाशी थोडा वेळ बसून, चहा पिऊन यायचे. न बोलणे हाही तिचा हक्क आहे. आपण पोलीस नाही आणि पत्रकारही नाही.

या मे महिन्यात असेल किंवा पुढच्या कुठल्या, टीव्हीवर पुन्हा तीन दलांचे अधिकारी बसतील, जमिनीचा, समुद्राचा आणि आकाशाचा हिशेब सांगतील. तो ऐकायचा. पण ऐकताना सवयीने एक प्रश्न विचारायला शिकू या: सहाव्या दिवसाचा हिशेब कुणाकडे आहे? आपल्या जिल्ह्यापुरता तरी तो आपल्याकडे असावा. वह्या मी आणल्या आहेत, प्रत्येक तालुक्याला दोन. जाताना घेऊन जा.